एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवरचं फोर्त्से: किती दिवस द्यावेत, कसं जावं, कुठे चुकतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सह्याद्रीत नियमित फिरणारा, ४५ ते ५८ वयाचा आठ जणांचा गट ऑक्टोबरच्या उत्तरार्धात एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघाला आहे. कार्यक्रम नेहमीचा बारा दिवसांचा, नामचेनंतर तेंगबोचेला मुक्काम. हाताशी दोन दिवस जास्तीचे आहेत. ते फोर्त्से गावात घालवावेत का, आणि घालवायचे तर कसे?

घालवावेत. पण जाताना, येताना नव्हे. आणि जमलं तर दोन रात्री राहावं. मात्र एक अट आहे. ती नामचेत पूर्ण झाली नाही, तर फोर्त्सेचा विचार सोडून मुकाट्याने तेंगबोचेची वाट धरावी. त्या अटीकडे येतोच, आधी गाव कुठे आहे ते डोळ्यांसमोर आणू.

नामचेहून निघालेली मुख्य वाट क्यांगजुमा आणि सानासावरून खाली फुंगी थेंगाला दूधकोशी नदीच्या पुलापर्यंत उतरते आणि तिथून सुमारे ६०० मीटर चढून तेंगबोचेला जाते. बहुतेक सगळे ट्रेकर याच वाटेने जातात. फोर्त्से आहे तेंगबोचेच्या समोर, इम्जा खोला या नदीच्या पलीकडे. दूधकोशी आणि इम्जा खोला यांच्या मधल्या दांडावर उन्हाकडे तोंड केलेला एक रुंद उतार आहे. त्यावर दगडी गडग्यांनी आखलेली शेतं, शेतांच्या मध्ये विखुरलेली घरं, वरच्या अंगाला गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, आणि गावाच्या कडेने भूर्जाचं जुनं जंगल. मागे तावोचे शिखर, पश्चिमेला दरीपलीकडे खुंबिला. खुंबिला उंचीने ५,७६१ मीटर, म्हणजे इथल्या मानाने लहानच. पण शेर्पा लोकांचा तो दैवत-डोंगर आहे आणि त्यावर कोणी चढत नाही. गावाची उंची नकाशानुसार ३,८१० ते ३,८४० मीटर दिली जाते.

गाव आडबाजूला राहिलं ते मुख्य वाट नदीच्या पलीकडून गेली म्हणून. त्यामुळे इथे बाजार नाही, बेकऱ्यांची रांग नाही. मोजकी लॉज आहेत आणि बाकी गाव आपल्या शेतीत, जनावरांत आणि गिर्यारोहणाच्या कामात असतं. एव्हरेस्टवर दोर लावणारे, सामान वर पोचवणारे, शिखरावर अनेकदा जाऊन आलेले कितीतरी शेर्पा याच गावचे. खुंबू म्हणजे एव्हरेस्टच्या दक्षिणेचा हा शेर्पा मुलूख; त्याच्या नावाचं खुंबू क्लाइंबिंग सेंटरही इथलंच. नेपाळी गिर्यारोहकांना दोर, बर्फ आणि बचावाचं तंत्र शिकवण्यासाठी २००३ मध्ये ते सुरू झालं. मुख्य वर्ग हिवाळ्यात भरतात, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये गजबज दिसणार नाही, पण इमारत बाहेरून जरूर पाहावी. एप्रिल-मेमध्ये गावातले बरेच पुरुष डोंगरावर असतात आणि लॉज, शेत, मुलं सगळं बायका सांभाळतात.

आता उंचीचा हिशोब. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोज झोपायची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी, हा सर्वमान्य नियम आहे. दिवसभरात कितीही वर जाऊन या, झोपायला खाली या. नेहमीच्या कार्यक्रमात नामचे (३,४४०) दोन रात्री, तेंगबोचे (३,८६०) एक रात्र आणि मग थेट दिंगबोचे (४,४१०) असं असतं. शेवटची उडी ५५० मीटरची आहे, आणि बऱ्याच गटांचं पहिलं दुखणं दिंगबोचेच्या पहिल्या रात्रीच वर येतं. त्याऐवजी फोर्त्से दोन रात्री, पांगबोचे (वरचा भाग ३,९८५) एक रात्र आणि मग दिंगबोचे असं केलं, तर नामचेनंतरच्या चार दिवसांत कुठेही ५०० मीटरची उडी पडत नाही. तुमचे दोन जादा दिवस यात नेमके बसतात.

सह्याद्रीतल्या माणसाला हे सांगावंच लागतं, कारण आपली सवय उलटी आहे. पहाटे निघायचं, दमात चढायचं, दुपारी उतरायचं. कळसूबाईच्या माथ्यावर, १,६४६ मीटरला, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ८२ टक्के असतो. फोर्त्सेत तो ६३ टक्क्यांच्या आसपास येतो. फिटनेस चांगला असला की चाल जलद होते. विरळ हवेची सवय मात्र त्याने लवकर होत नाही. गटात जो सगळ्यात तंदुरुस्त, तोच पुढे पळतो आणि तोच आधी आडवा होतो, हे इथे दर मोसमात दिसतं. चालताना दोन वाक्यं न थांबता बोलता आली पाहिजेत, एवढीच गती ठेवावी.

आता ती अट. नामचेतल्या दुसऱ्या सकाळी आणि निघण्याच्या सकाळी प्रत्येकाला चार गोष्टी विचाराव्यात: डोकं दुखतंय का, भूक आहे का, मळमळतंय का, झोप लागली का. थोडी अपुरी झोप चालते. पण पाणी पिऊन, खाऊन, पॅरासिटामॉल घेऊनही डोकं दुखायचं थांबत नसेल, किंवा डोकेदुखीच्या जोडीला मळमळ असेल, तर त्या माणसाने फोर्त्सेला निघू नये. याचं कारण वाटेच्या घडणीत आहे आणि ते बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. उंची बाधली तर औषध एकच, खाली उतरणं. तेंगबोचेला त्रास झाला तर तासा-दीड तासात फुंगी थेंगाला, म्हणजे ६०० मीटर खाली येता येतं. फोर्त्सेहून नामचेकडे परतताना मात्र आधी खाली नदीवर उतरायचं आणि मग मोंगच्या खिंडीवर, ३,९७५ मीटरला, पुन्हा चढायचं. खाली जाण्यासाठी आधी गावापेक्षा उंच जावं लागतं. आजारी माणसाला ते तीनशे-साडेतीनशे मीटर जड जातात, रात्री तर अशक्यच. पांगबोचेची वाटही वर चढूनच जाते. मग हेलिकॉप्टरशिवाय पर्याय उरत नाही, आणि ढग असले की तेही नाही. म्हणून निर्णय नामचेत घ्यायचा. फार तर क्यांगजुमापर्यंत, कारण तिथवर वाट एकच आहे. आठातले दोघे मागे राहिले तर त्यांना नामचेत एक रात्र जास्त द्या आणि ते बरे झाल्यावर तेंगबोचेमार्गे पांगबोचेला आणा. गट तिथे एकत्र होतो, कोणाचंच काही हुकत नाही. यासाठी गटाबरोबर दोन जाणती माणसं हवीत, एकच गाइड पुरत नाही.

फोर्त्सेत पोचल्यावर तब्येत बिघडली तर खुणा ओळखाव्यात. डोकेदुखी आणि नकोसं वाटणं एवढंच असेल तर वर जायचं नाही, तिथेच राहायचं. दुसरी रात्र असल्याचा हाच फायदा. जमिनीवर टाचेला बोट लावत सरळ रेषेत दहा पावलं टाकता येत नसतील, बोलणं असंबद्ध होत असेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल आणि छातीत घुरघुर असेल, तर सकाळची वाट पाहू नये. पहिल्या दोन खुणा मेंदूच्या सुजेच्या, नंतरच्या फुप्फुसात पाणी भरण्याच्या. लॉजवाल्यांना लगेच सांगावं. अशा प्रसंगी काय करायचं हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. खुंदेचं हॉस्पिटल मोंगच्या पलीकडे आहे आणि फेरिचेचं आरोग्य केंद्र वरच्या बाजूला, हे लक्षात ठेवून ६,००० मीटरपर्यंतची ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टर बचाव स्पष्ट लिहिलेला विमा असल्याशिवाय निघू नये.

डायमॉक्स या उंचीचा त्रास टाळण्याच्या गोळीबद्दल प्रत्येक गटात वाद होतो. प्रतिबंधासाठीची मात्रा १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, चढाईच्या आदल्या दिवसापासून. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर घेऊ नये. तुमच्या वयोगटात रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणारे असतील. त्यांच्यापैकी काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात, म्हणून घरच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. बोटांना मुंग्या येणं आणि रात्री दोनदा उठावं लागणं हे या गोळीचे नेहमीचे परिणाम आहेत, घाबरू नये. गोळी घेतली म्हणून मुक्काम गाळायचा नाही. ऑक्सिमीटर नेलात तर बोट आधी गरम करा. गार बोटावर आकडा खोटा कमी दाखवतो. या उंचीवर ८५ ते ९० दिसणं नेहमीचं आहे. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा.

नामचेहून निघण्याचा दिवस पाच ते सहा तासांचा, रमतगमत गेलात तर सात. सकाळी साडेसातला बाहेर पडावं. क्यांगजुमापर्यंतची वाट जवळजवळ सपाट, दरीच्या कडेने, दीड-दोन तासांची. आमा दब्लामचं शिखर पूर्ण वाटभर समोर असतं. सानासापाशी फाटा येतो, पाटी आहे: उजवी वाट खाली तेंगबोचेकडे, डावी वर मोंग आणि गोक्यो दरीकडे. आपली डावी. इथून मोंगपर्यंत सुमारे ४०० मीटर चढ आहे. उघड्या उतारावरची वाट, मध्ये दगडी पायऱ्यांचा एक उभा टप्पा, दीड ते दोन तास. मोंगला मोठा छोर्तेन (स्तूप) आणि चार-पाच चहाची घरं आहेत. जेवण इथेच घ्यावं. खुंबूत बौद्ध धर्म रुजवणारे लामा सांगवा दोर्जे यांचा जन्म इथला असं परंपरा सांगते. छोर्तेनजवळ उभं राहिलं की दरीपलीकडे अख्खं फोर्त्से एका नजरेत दिसतं, आणि इतकं जवळ दिसतं की लोक ढिले पडतात. अजून दोन-अडीच तास बाकी असतात.

मोंगहून फोर्त्से तेंगापर्यंत तीनशेहून जास्त मीटर उतार आहे, वळणावळणाचा आणि बहुतेक सावलीतला. ऑक्टोबरमध्ये कोरडा असतो, पण वाटेवर बारीक खडी आणि धूळ असते आणि पाय घसरतो. काठ्या इथे लांब करून घ्याव्यात. नोव्हेंबरनंतर याच वाटेवर वितळून पुन्हा गोठलेलं बर्फ मार्चपर्यंत राहतं आणि तेव्हा मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बुटांवर चढवायचे काटे, लागतातच. फोर्त्से तेंगा आणि फोर्त्से ही दोन वेगळी ठिकाणं आहेत. तेंगा म्हणजे नदीजवळची दोन-चार लॉज, गोक्योच्या वाटेवरची. खोल्या सांगताना नुसतं "फोर्त्से" म्हटलं तर गोंधळ होतो, म्हणून "वरच्या गावात" असं सांगावं. तेंगाहून थोडं उतरून दूधकोशीचा पूल, आणि मग भूर्ज आणि गुरांसाच्या (ऱ्होडोडेंड्रॉनच्या) जंगलातून पाऊण ते एक तासाचा चढ. भूर्जपत्रं आपण पोथ्यांत ऐकलेली असतात. इथे त्याची साल कागदाच्या पापुद्र्यासारखी झाडावरच सुटून वाऱ्यात फडफडताना दिसते. ती ओढून काढू नका. हे जंगल लामांनी राखलेलं मानतात आणि गावाने पिढ्यान्‌पिढ्या त्यावर कुऱ्हाड चालवलेली नाही. खुंबूत इतकं जुनं भूर्जवन फार ठिकाणी उरलेलं नाही. चढताना आवाज कमी ठेवलात तर कस्तुरीमृग दिसण्याची शक्यता असते, विशेषतः सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर.

गावात दुपारी तीनच्या आत पोचावं. त्यानंतर दरीतून ढग वर येतो, गारवा झपाट्याने वाढतो आणि ओला घाम अंगावर असेल तर थंडी भरते. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे कोरडा बनियन आणि टोपी. अंघोळ नंतर, किंवा नकोच.

आठ जणांचा गट इथे मोठा धरला जातो. नामचेच्या लॉजवाल्यांकडून आदल्या दिवशी फोन करून खोल्या सांगून ठेवाव्यात. खोली स्वस्त असते, कारण जेवण तिथेच घ्यायचं हा अलिखित करार असतो. खोली एकीकडे आणि जेवण दुसरीकडे करू नये. खोल्यांना प्लायवूडच्या भिंती असतात, त्या गरम केलेल्या नसतात. शेगडी फक्त जेवणघरात, संध्याकाळी पेटते आणि तीत याकच्या शेणाच्या गोवऱ्या जळतात. ऑक्टोबरच्या शेवटी रात्री पारा शून्याखाली काही अंश जातो. उणे १० अंशांपर्यंत आराम देणारी स्लीपिंग बॅग पुरते. झोपताना एक लिटरच्या पक्क्या झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून मोज्यात घालून पायांशी ठेवावी. सकाळी तेच पाणी प्यायला कोमट मिळतं. फोन, पॉवर बँक आणि पाण्याचा फिल्टर बॅगेत बरोबर घ्यावा. नळीसारख्या बारीक छिद्रांचे फिल्टर एकदा आतून गोठले की फुटतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. मग पाणी गाळल्यासारखं दिसतं आणि पोट बिघडतं. खात्री नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या वापराव्यात, गार पाण्यात अर्ध्या तासाऐवजी तासभर ठेवावं. दिवसाला तीन ते चार लिटर, त्यात चहा-सूप धरून.

जेवणाचं एक पथ्य पाळलं तर सगळ्यांची सोय होते: संध्याकाळी चारपर्यंत सांगावं आणि सगळ्यांनी एकच सांगावं. ३,८०० मीटरला पाणी ८७ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे डाळ-भात कुकरशिवाय शिजत नाही आणि वेळ लागतो. आठ जणांनी आठ पदार्थ मागवले की स्वयंपाकघरातली दिदी रात्री नऊपर्यंत उभी राहते आणि शेवटच्याला जेवण मिळतं तेव्हा पहिला झोपलेला असतो. दाल-भात सांगा, वाढ पुन्हा मिळते. मांस टाळावं: खुंबूत जनावर मारत नाहीत, मांस खालून पाठीवर येतं आणि वाटेत किती दिवस लागले ते कोणी सांगू शकत नाही. इथली खरी खासियत म्हणजे बटाटा. बटाटा खुंबूत एकोणिसाव्या शतकात आला आणि तेव्हापासून इथलं मुख्य अन्न झाला. उकडलेले लहान बटाटे, सोलून तिखट-मिठाच्या चटणीत बुडवून खायचे. रिकीकुर मिळालं तर सोडू नका: कच्चा बटाटा किसून, पीठ मिसळून तव्यावर जाड भाजलेलं, आपल्या उपवासाच्या थालीपिठासारखं, वर लोणी आणि ठेचलेली मिरची. ते करायला तास लागतो, म्हणून दुपारीच विचारावं. घरून आणलेलं मेतकूट आणि लसणाची चटणी दोनशे-दोनशे ग्रॅम पुरे. भूक मेलेल्या दिवशी मऊ भातावर मेतकूट आणि तूप हे कुठल्याही एनर्जी बारपेक्षा उपयोगी पडतं.

दुसऱ्या दिवशी झोपून राहू नये. सकाळी आठला निघून गोंपाच्या वरच्या धारेवर हळूहळू चढावं, साधारण ४,२०० मीटरपर्यंत. दीड-दोन तास लागतात. वर अर्धा तास बसावं आणि जेवायला खाली यावं. कोणाला चढ नको असेल त्याने गोक्योकडे जाणाऱ्या पूर्वेकडच्या काठाच्या वाटेवर कोनारच्या दिशेने तासभर जाऊन यावं. दुपार गावासाठी ठेवावी. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात बटाटे निघालेले असतात, गवत कापून वाळत पडलेलं असतं आणि जनावरं गावात परत आलेली असतात. उन्हाळी पिकाच्या दिवसांत इथे जनावर गावात ठेवायला बंदी असते. गावाने नेमलेले राखणदार, नावा म्हणतात त्यांना, ती पाळली जाते का ते बघतात आणि मोडणाऱ्याला दंड करतात. खुंबूतल्या इतर गावांत ही रीत सैल झाली तरी फोर्त्सेने ती नेटाने टिकवली. गडगे इतके उंच आणि नीट का आहेत, याचं उत्तर त्यात आहे. गडग्यावर चढून फोटो काढू नका. कोरड्या रचाईचा एक दगड सुटला की पुढच्या हिवाळ्यात तेवढा भाग ढासळतो.

रिकाम्या शेतांत सकाळी डांफे, म्हणजे मोनाल पक्षी, उतरतात. नराच्या मानेवर हिरवा, तांबूस, निळा रंग ऊन पडेल तसा बदलतो आणि तो वाकड्या, जाड चोचीने राहिलेला बटाटा शोधत माती उकरत असतो. माणसाची त्यांना इथे फारशी भीती नाही. दहा-पंधरा पावलांवर थांबलात तर ते आपलं काम चालू ठेवतात. खायला घालू नका.

गोंपात जायचं तर आधी लॉजवर विचारा. चावी गावातल्या कोणाकडे तरी असते. बूट बाहेर, टोपी हातात, फोटो विचारून, दानपेटीत यथाशक्ती. मणी-भिंती, म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती, आणि छोर्तेन नेहमी आपल्या उजव्या हाताला राहतील असं जावं. घरच्या चुलीत किंवा शेगडीत कागद, टिश्यू, चॉकलेटचं वेष्टन टाकू नये. चूल इथे पवित्र मानतात. आणि एक विनंती मनापासून: ब्लूटूथचा स्पीकर आणि जयघोष या गावात नकोत. आपल्याकडे शिखरावर घोषणा दिल्याशिवाय ट्रेक पुरा होत नाही, हे खरं. पण इथे संध्याकाळी सातला गाव झोपायच्या तयारीत असतं, दरी अरुंद आहे आणि आवाज पार समोरच्या काठापर्यंत जातो. चिवडा-भडंगाची प्लास्टिकची वेष्टनं एका जाड पिशवीत जमवून लुक्लापर्यंत, म्हणजे ट्रेक जिथून सुरू होतो त्या विमानतळाच्या गावापर्यंत, परत न्यावीत. आठ जणांचा कचरा एका पिशवीत मावतो.

तिसऱ्या दिवशी पांगबोचे. अंतर थोडं, तीन ते चार तासांचं, पण सगळ्या ट्रेकमध्ये सर्वांत जास्त लक्ष देऊन चालायची वाट हीच. गावातून वर चढून ती इम्जा खोलाच्या वर शेकडो मीटर उंचीवरून कड्याच्या अंगाने जाते. बहुतेक जागी दोन माणसं शेजारी चालतील एवढी रुंद, काही ठिकाणी एकाचीच. चक्कर येण्याची भीती असणाऱ्याला मधे चालवावं, पुढे-मागे माणूस ठेवून. याक किंवा झोप्क्यो (याक आणि गाईचा संकर) समोरून आले तर नेहमी डोंगराच्या बाजूला अंग टेकून उभं राहा; दरीच्या बाजूला उभ्या माणसाला पाठीवरच्या ओझ्याचा एक धक्का पुरतो. वरच्या कड्यांवर झारल, म्हणजे हिमालयातल्या रानशेळ्या, चरतात आणि त्यांच्या पायांनी दगड सुटतात. म्हणून विश्रांतीसाठी थांबताना आधी वर बघावं, आणि घळीत तर थांबूच नये. ऊन वाटेवर आल्यावर, आठच्या सुमारास निघावं, वारा सुटायच्या आत, साडेबाराला पोचावं.

ताजं बर्फ पडलं असेल तर या वाटेला हात लावू नका. एक दिवस थांबा आणि गावचे लोक जाऊन आल्यावर त्यांच्या पावलांवरून जा. थांबायला वेळ नसेल तर मोंगमार्गे मागे येऊन तेंगबोचेची वाट धरावी. त्यात पूर्ण, मोठा दिवस जातो, हे आधीच हिशोबात असावं. ऑक्टोबर कोरडा असतो म्हणून निर्धास्त राहू नये. २०१४ मध्ये हुदहुद चक्रीवादळ १२ ऑक्टोबरला विशाखापट्टणमला धडकलं आणि दोन दिवसांनी अन्नपूर्णा भागात इतकं बर्फ पडलं की चाळीसहून अधिक माणसं गेली. बंगालच्या उपसागरात वादळ तयार होतंय अशी बातमी आली की नेपाळमध्ये दोन-तीन दिवसांनी हवामान बिघडू शकतं. नामचे सोडण्याआधी ती बातमी बघावी; पुढे नेटवर्क बेभरवशाचं असतं.

बाकीच्या व्यवहारी गोष्टी थोडक्यात. विमानाने नेपाळला जायला पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र हवं. आधारवर विसंबू नका. स्थानिक पालिकेचं शुल्क लुक्लाला आणि सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचं मोंजोला भरता येतं. उद्यानाचं शुल्क भारतीयांना सार्क दराने पडतं, इतर परदेशी लोकांच्या निम्मं, म्हणून ओळखपत्र हाताशी ठेवा. एटीएम नामचेपर्यंत. पुढे सगळं रोख, नेपाळी रुपयांत. शंभर भारतीय रुपयांना १६० नेपाळी हा दर ठरलेला आहे. चार्जिंग, वायफाय, गरम पाणी सगळ्याचे वेगळे पैसे लागतात. ऑक्टोबरमध्ये लुक्लाची विमानं बहुतेक रामेछापहून सुटतात, काठमांडूहून चार-पाच तासांचा रात्रीचा प्रवास करून तिथे जावं लागतं, आणि सामान माणशी १५ किलोच्या आत.

पूर्ण आखणी अशी बसते: लुक्ला उतरून फाकदिंग, नामचे दोन रात्री, फोर्त्से दोन, पांगबोचे एक, दिंगबोचे दोन, लोबुचे, गोरक शेप, परतताना पांगबोचे, नामचे, लुक्ला, आणि चौदाव्या दिवशी विमान. तेंगबोचे परतीला वाटेत लागतंच. पांगबोचेहून सकाळी निघालात तर गोंपा बघायला तासभर मिळतो. पुढे कधी गोक्योचा विचार असेल तर फोर्त्सेचा उपयोग अजून जास्त आहे. त्या दरीत दोले, माछेर्मो, गोक्यो अशी उंची पटापट वाढते आणि आधी इथे काढलेल्या दोन रात्री तिथे कामी येतात.

या चौदा दिवसांवर विमानासाठी आणखी किमान एक दिवस काठमांडूत राखून ठेवा. तो जातानाच खर्च झाला आणि अजून एक दिवस कमी करावा लागला, तर फोर्त्सेची दुसरी रात्र सोडा. तीही पुरली नाही तर पांगबोचेची सोडा आणि फोर्त्सेहून थेट दिंगबोचेला जा, पण फक्त सगळ्यांची तब्येत ठणठणीत असेल तर, कारण तो सहा तासांचा दिवस आहे आणि झोपायची उंची सहाशे मीटर वाढते. नामचेची आणि दिंगबोचेची दुसरी रात्र मात्र कुठल्याही परिस्थितीत कापू नका. त्यापेक्षा गोरक शेपहून काला पत्थर या एव्हरेस्ट बघायच्या टेकाडावर जायची सकाळ सोडलेली परवडली.